चार बोटांचं अंतर

अक्काच्या घरात दिवस उजाडायचा तो शिलाई मशीनच्या आवाजाने. कानडी मुलखातल्या आनेकलच्या बसस्टँडमागच्या गल्लीत तिच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत पायाची दोन मशिनं, मागच्या खोलीत स्वयंपाक आणि आम्ही. अक्का माझ्या आईची चुलत बहीण, म्हणजे नात्याने मावशी, पण सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची म्हणून मीही तेच म्हणू लागले. तिच्या सासरची माणसं कित्येक पिढ्यांपासून तिकडचीच. घरात मराठी बोलत, पण त्यात कानडी इतकं मुरलेलं की पहिले काही दिवस मी नुसती मान हलवत असे. "स्वल्प सरक की गं," "सरी, सरी, निघ आता, बस जाईल." स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरं. पहाटे ती नाचणीचं पीठ उकळत्या पाण्यात टाकून लाकडी काठीने घोटायची, तेव्हा पातेल्यातून गप्-गप् असा जड आवाज यायचा आणि खोलीभर ओल्या मातीसारखा वास पसरायचा. मग ताटात गरम मुद्दे, म्हणजे नाचणीचा तो गोळा, आणि शेजारी कुळथाचं सारू. मी भाकरीच्या मुलखातली. पहिल्या दिवशी गोळा चावायला गेले आणि दात, टाळू, जीभ सगळं चिकटवून बसले. अक्का मशीन थांबवून हसली. "चावू नको गं पुट्टी, गिळ. मुद्दे चावणारा उपाशी राहतो." पुट्टी म्हणजे लहान पोर. मी तेव्हा एकोणीस वर्षांची घोडी होते, पण मला लाडाचं नाव त्याआधी कुणी ठेवलं नव्हतं. त्या एका शब्दासाठी मी त्या घरात जन्मभर भांडी घासली असती.

माझी शाळा आठवीत सुटली. माझ्या वडिलांना, आबांना, अर्धांगवायू झाला, आई दुसऱ्यांच्या रानात जायला लागली आणि आबांना उठवायला-बसवायला घरी कुणीतरी हवं होतं. एकोणिसाव्या वर्षी पाळी बदलली, आई घरी थांबली आणि मी कमवायला अक्काकडे आले. आबा म्हणजे आमच्या पंचक्रोशीतले मर्दानी खेळाचे वस्ताद. लाठी, पट्टा, फरीगदगा, सगळं शिकवायचे. मुलगा नव्हता म्हणून मला शिकवलं, असं ते लोकांना सांगत. मला वाटतं, मला येतं हे त्यांना आवडायचं. त्यांची रीत अशी की खेळायच्या आधी दोघांनी हत्याराचं टोक जमिनीला टेकवायचं. ती सलामी. सलामी झाली की ठरलं, हा खेळ आहे, आणि खेळातला वार समोरच्याच्या अंगापासून चार बोटांवर थांबला पाहिजे. माझ्या खांद्याजवळ स्वतःची चार बोटं आडवी धरून ते माझ्याच जोडीदाराला वार करायला लावत. लाठी बोटांना लागली तर जोडीदार दिवसभर तालमीबाहेर. "मारायला गाढवही शिकतं, लाथेनं," ते म्हणत. "थांबवणं शिकायला जन्म लागतो." अजूनही मी कुणाच्या हातात चाकू देत नाही. ओट्यावर ठेवते आणि मागे सरकते. माझी सून याला हसते. हसू दे.

अक्काचा एकुलता मुलगा वासू माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी त्याला वासूअण्णा म्हणायची, तो मला कोल्हापुरी. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात तो लेथवर होता आणि केसाच्या जाडीइतका फरक नजरेने ओळखतो अशी त्याची ख्याती होती, निदान तो स्वतः तसं सांगायचा. मला इलेक्ट्रॉनिक सिटीत सर्किट बोर्डांना डाग लावायचं, म्हणजे सोल्डरिंगचं, काम त्यानेच कुणाकुणाला सांगून मिळवून दिलं. सकाळी आम्ही एकाच बसने निघायचो. तो बोम्मसंद्र्याला उतरायचा आणि उतरताना दर दिवशी न चुकता ओरडायचा, "कोल्हापुरी, तुझा स्टॉप पुढचा! झोपू नको, होसूर रोडलाच उलट परत येशील!" बसमधली सगळी माणसं माझ्याकडे बघायची. मला धरणी दुभंगावी असं व्हायचं. पण कानडीचं एक अक्षर न कळणाऱ्या मला त्या गर्दीत ओळखणारा एक माणूस आहे, हे त्या ओरडण्यामुळेच बसला कळायचं. त्यामुळे कुणी धक्का मारत नसे.

त्या गणपतीत पुण्या-मुंबईकडून नोकरीला आलेल्या मंडळींनी एक हॉल घेऊन कार्यक्रम केला होता. वासूअण्णाने माझं नाव मला न विचारता दिलं. मी नऊवारीत लाठी फिरवली, पट्ट्याने लिंबू कापलं, आणि लवकर संपवलं. कार्यक्रमानंतर जाड चष्म्याचा एक माणूस आला. "ग्रेट होतं हे. पण परत करता येईल का? म्हणजे स्लो? प्रत्येक स्टेप वेगळी?" हे केदार सर. इलेक्ट्रॉनिक सिटीत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्यांची सहा जणांची कंपनी होती. परदेशात कुठेतरी एक कॉम्प्युटर गेम बनत होता. त्यात चंद्रासारख्या एका उजाड गोळ्यावरच्या खाणीत एक सैनिक अडकलेला असतो, अंगावर चिलखत, हातात बंदूक, आणि अंधारातून चार हातांचे प्राणी येत राहतात. बंदूक आणि गोळ्या हे सगळं तिकडे होणार होतं. गोळ्या संपल्या आणि प्राणी अंगावर आला की मग जे होतं, तेवढं काम केदार सरांकडे आलं होतं. "लांबून गोळी घालणं सोपं असतं," ते आम्हाला समजावत होते. "कोण मेलं ते नीट दिसतही नाही. जवळ आलं की दोन बॉडीज जुळाव्या लागतात. आमची मुलं ड्रॉ करतात, पण त्यांनी कधी कुणाला मारलेलं नाही ना."

"हिनेही नाही मारलेलं," वासूअण्णा म्हणाला. "ही झुरळाला अहो-जाहो करते."

पण रविवारी आम्ही गेलो. कंपनीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीची भिंत निळी रंगवली होती. मला काळा सदरा-पायजमा, आणि मनगट, कोपर, खांदा, गुडघा, प्रत्येक सांध्यावर पांढरी चिकटपट्टी. हातात ॲल्युमिनियमचा पाइप, टोकाला स्पंज गुंडाळून केलेली खोटी बंदूक. सैनिक म्हणजे मी. प्राणी व्हायला कुणी मिळेना, म्हणून वासूअण्णाच उभा राहिला. त्याच्या पाठीला जास्तीचे दोन हात म्हणून पडद्याच्या काठ्या बांधल्या, त्याही अक्काच्या घरातल्या. कॅमेऱ्यात आवाज येत नाही असं सांगूनही तो दर वेळी गुरगुरायचा. खाली मुलं त्या टेपचं एकेक चित्र पडद्यावर थांबवून पांढऱ्या ठिपक्यांना रेघांनी जोडायची. तिसऱ्या रविवारी मी स्वतःला पहिल्यांदा पाहिलं. काड्यांचं एक माणूस, चेहरा नाही, पदर नाही, वेणी नाही, पण पाय टाकताना उजवा खांदा किंचित आधी जातो तो माझाच. आबांनी या खोडीसाठी मला कितीदा छडी मारली होती. खुर्चीत बसून मी रडले. आठवीत शाळा सुटलेल्या मुलीला कुणी कॉम्प्युटरमध्ये घातलं होतं. केदार सरांनी पाणी आणून दिलं आणि काय झालं ते विचारलं नाही. त्या माणसाचे उपकार मी पुढेही मोजू शकले नाही, आणि जे घडलं त्यानंतरही ते कमी झाले नाहीत. हे लिहिताना ते आधीच सांगून टाकते.

अडचण अशी झाली की परदेशातल्या माणसांना वार पटेना. केदार सर पुन्हापुन्हा टेप दाखवायचे. "बघ ना शैला, फोर्स आहे, स्पीड आहे, पण लागतच नाहीये. तो थांबतो. शेवटच्या क्षणी तुझं मनगटच मागे येतं." ते खरं होतं. सहाव्या वर्षापासून ते मनगट तेवढंच शिकलं होतं. मग गच्चीवर भुशाचं पोतं टांगलं. पोत्याला आरपार मारायचं आणि वासूअण्णासमोर चार बोटांवर थांबवायचं. मारणारीचं अंग पोत्याच्या टेपमधून घ्यायचं, पडणाऱ्याचं अंग वासूअण्णाच्या टेपमधून, आणि खाली मुलं दोन्ही जोडणार. मला त्याची भीती वाटायची. एकाच दिवशी एकच हात दोन गोष्टी कसा शिकणार? म्हणून मी माझ्यापुरता नियम केला. वासूअण्णा समोर असेल तर पाइपचं टोक जमिनीला टेकवून सलामी. पोतं असेल तर सलामी नाही. डोकं विसरलं तरी अंगाला कळावं, एवढ्यासाठी. वासूअण्णालाही सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी पोतं नाही हे तुला आठवायला रोज नमस्कार करावा लागतो का गं?" पण सलामीशिवाय तोही कधी उभा राहिला नाही. चार रविवार गेले. पोत्याला मारताना मला बरं वाटू लागलं होतं, हेही लिहायला हवं. वार आत जातो, काहीतरी दबतं, खांद्यापर्यंत एक झिणझिणी येते. आबांनी मला ती कधी चाखू दिली नव्हती.

शेवटच्या रविवारी दुपारी ढग भरून आले. टेप सोमवारी पाठवायची होती. सकाळपासून पोत्याचं काम चाललं होतं. साठ-सत्तर वार झाले असतील. मग पोतं काढून वासूअण्णा उभा राहिला. त्याच्या दोन टेपा झाल्या, दर वेळी सलामी, वार, चार बोटं, पडणं. केदार सर आकाशाकडे बघत होते. टेप थोडीच उरली होती. ते म्हणाले, "शैला, ती सलामी राहू दे आता. एवी-तेवी आम्ही ती कापतोच. डायरेक्ट घे, लाइट जातोय."

मी वासूअण्णाकडे बघितलं. त्याने पाठीवरच्या काठ्या हलवल्या. "ये कोल्हापुरी, ये. राक्षसाला भूक लागलीय. लवकर मार आणि जेवायला सोड."

नाही म्हणायचं मला तेव्हा कुणालाच जमत नसे. ज्यांनी भात-सारू दिलं त्यांना नाही, ज्यांनी पाणी आणून दिलं त्यांना नाही. मी "बरं सर" म्हणाले. पाय टाकला, खांदा आधी गेला, आणि पाइप वर आला तेव्हा माझ्या अंगाला समोर पोतं आहे असंच वाटत होतं. वासूअण्णाने हात वर केला नाही. का करेल? माझं मनगट त्याला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. दिवसभराच्या पोत्याने टोकाचा स्पंज फाटला होता आणि आतली धातूची कड बाहेर आली होती. ते कुणीच बघितलं नव्हतं. आवाज फार लहान झाला, ओलं फडकं दगडावर पडावं तसा. तो पडला नाही, तो खाली बसला. डावा हात डोळ्यावर नेला आणि उजवा हात पुढे करून हवेत काहीतरी चाचपत राहिला. मला वाटलं, तो मला शोधतोय. केदार सर कॅमेरा सोडून धावले. कॅमेरा चालूच राहिला.

दवाखान्यात सांगितलं, बुबुळ फाटलंय, प्रयत्न करू. अकरा दिवसांनी सांगितलं, डावा डोळा गेला.

अक्काला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. वासूअण्णाने मला दवाखान्यातच बजावलं होतं, "जिन्यावरून पडलो म्हण, आई तुला ठेवणार नाही." पण खोटं बोलायला जी हिंमत लागते तीही माझ्यात नव्हती. मी दारातच उभी राहून म्हणाले, "अक्का, मी मारलं. माझ्या हातून लागलं." आनेकलमध्ये माझं दुसरं कुणी नव्हतं. गावी परत जायचं तर जाऊन आबांना काय सांगायचं? ट्रंक कुठे आहे, तीत किती कपडे आहेत, पहिली बस किती वाजता, एवढंच डोक्यात फिरत होतं. अक्का मशीनवर बसली होती. तिने पाय थांबवला नाही. ती शिवण पूर्ण केली, दोरा दाताने तोडला, आत गेली आणि ताट वाढून आणलं. "जेव," म्हणाली. मी जेवले. त्या घरात मी पुढे चार वर्षं जेवले. तिने मला एक दिवसही उपाशी ठेवलं नाही, ताप आला तेव्हा कपाळावर पट्ट्या ठेवल्या, माझ्या लग्नातली पोलकी तिनेच शिवली. पण पुट्टी ती मला पुन्हा कधी म्हणाली नाही. "शैला, पाणी भर." "शैला, दार लाव." ती गेली त्या आठवड्यातही मी तिच्या उशाशी बसून होते. दर वेळी ओठ हलले की वाटायचं, आता म्हणेल.

वासूअण्णाचं लेथचं काम सुटलं. एका डोळ्याने रंग दिसतो, माणसं दिसतात, पण वस्तू किती जवळ आहे ते कळत नाही. घरी पेल्यात पाणी ओततानाही तो पेल्याच्या बाहेर ओतायचा. चार बोटं आणि एक वीत त्याला सारखीच दिसायची. कारखान्याने त्याला स्टोअरमध्ये बसवलं, नट-बोल्टांच्या पेट्यांपाशी. केदार सर दर आठवड्याला यायचे, फळं आणायचे आणि पुढच्या खोलीत खाली मान घालून बसायचे. एकदा म्हणाले, "ती टेप मी पुसून टाकतो. दुसरी पाठवू, नापास झाली तर झाली."

वासूअण्णा भिंतीला टेकून बसला होता, पट्टी अजून होती. "पुसू नका सर. डोळा काय परत येत नाही, टेप तरी राहू दे. त्यांना लागलेला वार हवा होता ना? लागला की."

मशीन बंद होतं. अक्का आत होती, पण ऐकत होती. तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते मी आधी योजलेलं नव्हतं. "मग आधी सलामी लावा, सर." केदार सरांना कळेना. मी म्हणाले, "आधीच्या टेपांमधली सलामी कापून ठेवलीय ना? ती त्या वाराच्या आधी जोडा. तो सैनिक मारायच्या आधी बंदुकीचं टोक खाली नेईल. दर वेळी. तसं नसेल तर पुसा." आयुष्यात मी कुणाला घातलेली ती पहिली अट. केदार सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "तीन चित्रं बसतील," म्हणाले. "चार नाही बसणार. तीन बसवतो." परदेशातून तक्रार आली म्हणे, वार उशिरा बसतो, ते टोक खाली जाणं काढा. केदार सरांनी काढलं नाही. समोरच्याला कळलं पाहिजे, नाहीतर खेळ अन्यायाचा होतो, असं त्यांनी लिहून कळवलं. पुढे त्यांनीच मला ठिपके जोडायला शिकवलं, आणि माझं उरलेलं आयुष्य त्याच कामावर उभं राहिलं.

त्या हिवाळ्यात मी गावी गेले. आबा अंथरुणावर, अर्धी जीभ लुळी. त्यांनी माझं उजवं मनगट धरलं, अंगठ्याने दाबून पाहिलं आणि सावकाश, एकेक अक्षर जुळवत विचारलं, "वार थांबतो का?" मी म्हणाले, "थांबतो, आबा." त्यांनी डोळे मिटले आणि मनगट सोडलं. खोटं बोलायची हिंमत तेवढ्यापुरती कुठून आली कोण जाणे. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. या प्रकरणातलं हे एक वाक्य मला कित्येक वर्षं लिहिता आलं नाही.

गेम आला तेव्हा आनेकलमध्ये एक जण दुकानाच्या मागच्या खोलीत चार कॉम्प्युटर ठेवून पोरांना खेळायला द्यायचा. एका रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, वासूअण्णा म्हणाला, "चल, दाखव मला." मी नको म्हणाले. तो आधीच चपला शोधत होता, पाय चपलेच्या बाजूला टाकत होता, म्हणून मी चपला सरळ करून दिल्या आणि गेले. त्या गेममध्ये दोघांना एकमेकांविरुद्ध खेळता यायचं, एक सैनिक, एक प्राणी. त्याने प्राणी घेतला. समोरच्या कॉम्प्युटरवर कॉलेजचा एक पोरगा सैनिक होऊन बसला. वासूअण्णा मान डावीकडे वळवून उजवा डोळा पडद्यासमोर आणून बसला. मी मागे उभी होते, आणि पदराचं टोक माझ्या मुठीत पिळून दोरी झालं होतं. पहिल्यांदा तो अंधारातल्या बोगद्यांत चुकत राहिला. मग त्याला ते सापडलं. पडद्याला खोली नसते. तिथे दोन डोळ्यांच्या माणसालाही चार बोटं आणि एक वीत सारखीच. सैनिकाच्या बंदुकीचं टोक खाली गेलं की मागे सरकायचं, एवढंच बघायचं. त्या खोलीत ते त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? पोरगा चिडून एकामागून एक वार करत होता आणि प्राणी दर वेळी एक पाऊल मागे. "ऐय्यो, ह्यांना आधीच कसं कळतं अण्णा?" पोरगा दुकानवाल्याकडे बघून ओरडला.

मग एकदा वासूअण्णा सरकलाच नाही. मुद्दाम. सैनिक जवळ आला, उजवा खांदा किंचित पुढे, बंदुकीचं टोक जमिनीकडे झुकलं, वर आलं आणि लागलं. पडद्यावरचा प्राणी पडला नाही, तो खाली बसला. एक हात डोळ्यावर, दुसरा पुढे, हवेत काहीतरी चाचपत. मी डोळे मिटून घेतले. खोलीत पोरांचा आरडाओरडा चालला होता. त्या गोंधळात वासूअण्णा मागे न वळता, हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला,

"ह्या वेळी दिलीस बघ सलामी."